सोसायटीचं दप्तर किती पुरं, किती खरं? पुनर्विकासाआधी मोजणी करणाऱ्या नव्या समितीसाठी

मुंबईतल्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पुनर्विकासाचा विषय आला की सुरुवातीचे महिने कॉर्पस (विकासकाकडून मिळणारा एकरकमी निधी) किती, भाडं किती, ज्यादा कार्पेट किती यातच जातात. दप्तराची आठवण कोणालाच होत नाही. ती होते विकासकाच्या वकिलाचं पत्र आल्यावर: प्रत्येक फ्लॅटचा सभासद कोण, त्याच्याकडे मालकी कशी आली, कोणते कागद आहेत, चटई क्षेत्र किती, बोजा आहे का. मग नव्याने निवडून आलेले सेक्रेटरी लोखंडी कपाट उघडतात आणि "सगळं आहे, फक्त लावून घ्यायचंय" असं सांगतात. सगळं आहे की नाही, हे मोजल्याशिवाय कोणालाही माहीत नसतं. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खालची पुनर्विकासाची पद्धत सविस्तर दिली आहे. पण सभेची गणसंख्या भरली का, इथपासून प्रत्येक प्रश्नाचं उत्तर सभासदांच्या यादीवर अवलंबून असतं. यादी पक्की नसेल तर ठरावही कच्चा राहतो.

हे काम करताना दोन वेगळ्या गोष्टी मोजायच्या आहेत. पूर्णता म्हणजे जे असायला हवं त्यातलं किती आहे. विश्वसनीयता म्हणजे जे आहे त्यावर किती विसंबता येतं. एखाद्या फ्लॅटची फाइल चार इंच जाड असते आणि आतला निम्मा मजकूर एकाच झेरॉक्सच्या प्रतींचा असतो. दुसऱ्या फाइलमध्ये चारच कागद असतात, पण चारही प्रमाणित आणि एकमेकांशी जुळणारे. या दोन्हींना एकाच मापाने मोजून "दप्तर ८० टक्के ठीक" असा आकडा काढला तर तो कोणाच्याच उपयोगाचा नाही. फ्लॅटवार जो तक्ता कराल त्यात शेवटपर्यंत हे दोन रकाने वेगळेच ठेवा.

आणखी एक गोष्ट आधीच समजून घ्यायला हवी. १९०८ च्या नोंदणी कायद्याखाली दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, मालकीची हमी देत नाही. विकणाऱ्याकडे विकण्याचा हक्क होता का, हे त्याने तपासलेलं नसतं. त्यामुळे "रजिस्टर्ड आहे ना, मग झालं" हे वाक्य समितीच्या बैठकीत ऐकू आलं की समजायचं, मोजणी अजून सुरू व्हायची आहे.

आधी भाजक ठरवा

टक्केवारी काढायची तर भागायचं कशाने, हे आधी ठरलं पाहिजे. इमारतीत फ्लॅट किती? प्रश्न हास्यास्पद वाटतो, पण दोन फ्लॅट एक केलेले जोडफ्लॅट, बंदिस्त केलेला स्टिल्ट (खांबांवरचा मोकळा तळमजला), गच्चीवरची खोली आणि तळमजल्याची दुकानं यांत उत्तर अडकतं. सोसायटीच्या सभासद यादीवरून हा आकडा घेऊ नका, कारण तपासायची आहे ती तीच यादी. आकडा बाहेरून आणा: महापालिकेने मंजूर केलेला शेवटचा नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी. ओसी अंशतः असेल तर किती मजल्यांपुरती आहे ते लिहून ठेवा.

दुसरा ताळा ताळेबंदात आयता मिळतो आणि तो फार कमी लोक वापरतात. बहुतेक सोसायट्यांत प्रत्येक सभासदाला ५० रुपयांचे ५ भाग दिलेले असतात, म्हणजे फ्लॅटमागे २५० रुपये. काही ठिकाणी १० भाग असतात, ते शेअर सर्टिफिकेटवर बघा. समजा तुमच्या नकाशात ४० फ्लॅट आहेत, तर भागभांडवल १०,००० रुपये असायला हवं. ताळेबंदात १०,२५० दिसत असतील तर एका सर्टिफिकेटचा शोध घ्यायचा: फ्लॅट नसलेल्या कोणाला सभासद केलं का, गॅरेजवर भाग दिले का? कमी दिसत असतील तर कोणाला तरी सर्टिफिकेट दिलेलंच नाही. प्रत्येक सर्टिफिकेटवर भागांचे अनुक्रमांक असतात, १ ते ५, ६ ते १०, असे. ते ओळीने मांडले की मधली रिकामी जागा लगेच दिसते.

बंद केलेल्या स्टिल्टचं काय करायचं हा वाद समितीत होणारच. स्टिल्टमधली पार्किंगची जागा हा स्वतंत्र फ्लॅट नव्हे आणि विकासकाला ती वेगळी विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या मुंबईच्याच प्रकरणात सांगितलं आहे. भाजकात ती धरू नका, वेगळ्या पानावर नोंदवा. जोडफ्लॅट मात्र नकाशात दोन असतील तर दोनच मोजा, वीज मीटर एक असलं तरी.

जमिनीचा कागद वेगळा मोजा

नवख्यांचा सर्वांत मोठा घोळ इथे होतो. मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, हे जमिनीचं असतं. त्यावर तुमचं नाव शोधू नका, ते तिथे असण्याचं कारण नाही. अभिहस्तांतरण, म्हणजे जमिनीची मालकी सोसायटीच्या नावे करणारा दस्त, झालं असेल तर सोसायटीचं नाव असेल, झालं नसेल तर अजून मूळ जमीनमालकाचं किंवा विकासकाचं. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या शहरभागात जमिनीला सी.एस. नंबर असतो, उपनगरात सी.टी.एस. नंबर, म्हणजे नगर भूमापन क्रमांक. जुन्या दस्तांत मात्र सर्वे नंबर आणि हिस्सा नंबर लिहिलेला असतो, आणि तो आजच्या सी.टी.एस. नंबरशी जोडणारा कागद हातात नसेल तर ती पहिली त्रुटी म्हणून लिहा.

कार्डावर तीन गोष्टी बघायच्या. धारकाचं नाव, क्षेत्रफळ आणि शेरे. क्षेत्रफळ कार्डावर, अभिहस्तांतरणाच्या दस्तात आणि मंजूर नकाशात असं तीन ठिकाणी येतं. रस्तारुंदीत जागा गेली असेल तर फरक पडतो, पण तो फरक समजावणारा कागद हवा. शेऱ्यांमध्ये नागरी जमीन कमाल धारणा कायद्याची नोंद सापडली तर दुर्लक्ष करू नका. कायदा महाराष्ट्रात नोव्हेंबर २००७ मध्ये रद्द झाला, पण कलम २० खाली दिलेल्या सवलतींच्या अटींचा प्रश्न त्याने आपोआप मिटला नाही. जमीन जिल्हाधिकाऱ्यांची असेल आणि भोगवटादार वर्ग २ (अटींवर दिलेली जमीन) लिहिलं असेल, तर प्रत्येक फ्लॅटच्या हस्तांतरणाला परवानगी लागत होती का, हा नवा रकाना तुमच्या तक्त्यात वाढतो.

अभिहस्तांतरण झालेलं नसेल तर घाबरून मोजणी थांबवू नका. मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे विकासकाने दस्त करून दिला नाही तरी आदेशाने तो मिळवण्यासाठी, जिल्हा उपनिबंधकांकडे जाता येतं. मात्र दस्त झाल्यावर कार्डावर फेरफार करून घ्यायचं कित्येक सोसायट्या विसरलेल्या असतात, आणि मग दस्त सोसायटीचा, कार्ड बिल्डरचं अशी अवस्था वर्षानुवर्षं राहते. जमिनीच्या कागदाचे आकडे फ्लॅटच्या आकड्यांत मिसळायचे नाहीत. तो एकच कागद सगळ्या फ्लॅटना लागू असतो, त्यामुळे मिसळला की सरासरी फुगते किंवा कोसळते.

प्रत्येक फ्लॅटची साखळी, आणि कोणत्या काळात काय लागत होतं

आता खरं काम. प्रत्येक फ्लॅटसाठी पहिल्या खरेदीपासून आजपर्यंत मालकी किती वेळा बदलली, ते ओळीने लिहा. प्रत्येक बदल म्हणजे एक कडी. विक्री, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, वारसा, न्यायालयाचा हुकूम, बँकेने केलेला लिलाव, सगळ्या कड्याच. प्रत्येक कडीला जे कागद असायला हवेत त्यांची यादी करा आणि सापडला की खूण करा.

पण "असायला हवेत" हे काळाप्रमाणे बदलतं. १९७५ च्या खरेदीला २०२० च्या मापाने मोजलं तर निम्मे जुने सभासद विनाकारण लाल शाईत जातात, आणि मग सभेत जो गोंधळ होतो तो बघवत नाही. काही टप्पे लक्षात ठेवा. १९६३ चा मोफा, म्हणजे महाराष्ट्र मालकी सदनिका कायदा, आल्यावर विकासकाने फ्लॅटच्या खरेदीदाराशी लेखी करार करून तो नोंदवणं बंधनकारक झालं, तरी त्यानंतरही अनेक करार पाच रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर, बिननोंदणीचे झाले. १० डिसेंबर १९८५ पासून फ्लॅटच्या करारनाम्यावर अभिहस्तांतरणाप्रमाणे मुद्रांक शुल्क लागू झालं. म्हणून त्या तारखेनंतरच्या कराराला पुरेसं शुल्क भरलंय का हा प्रश्न गंभीर, आधीच्याला तितका नाही. २००२ च्या सुमारास दुय्यम निबंधक कार्यालयांत संगणक आले आणि सूची क्रमांक २, म्हणजे इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा), छापील स्वरूपात मिळू लागली. त्यानंतरच्या व्यवहाराला ती नसेल तर ती उणीव धरा. १ मे २०१७ पासून महारेरा आहे, तेव्हापासून नव्या प्रकल्पातली चटई क्षेत्राची व्याख्या कायद्यात बांधलेली आहे. ५० लाख किंवा अधिक किमतीच्या व्यवहारात १ जून २०१३ पासून खरेदीदाराने एक टक्का टीडीएस कापायचा असतो, त्याचंही चलान असायला हवं.

सभासदांनी आधी सोसायटी स्थापून, जमीन घेऊन, स्वतः इमारत बांधली असेल तर पहिल्या सभासदाकडे करारनामा नसतोच. सोसायटीचं वाटपपत्र आणि शेअर सर्टिफिकेट हेच त्याचे कागद. दादर, शिवाजी पार्क, विलेपार्ले भागात अशा जुन्या सोसायट्या बऱ्याच आहेत. तिथे "करारनामा नाही" असा शेरा मारून मोकळं होणाऱ्या वकिलाला ही गोष्ट समितीनेच सांगावी लागते.

कुलमुखत्यारपत्रावर झालेली "विक्री" सापडली तर ती कडी तुटलेली समजा. नुसत्या मुखत्यारपत्राने, विक्रीकराराने आणि मृत्युपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं. भावाने भावाला शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर "माझा हक्क सोडला" असं लिहून दिलेलं प्रतिज्ञापत्र आणि त्यावर सोसायटीने बदललेलं नाव हाही तसाच प्रकार. हक्कसोडपत्र आणि बक्षीसपत्र नोंदवलेलंच हवं. या दोन जागी सोसायट्यांची दप्तरं सर्वांत जास्त ढिली असतात, कारण घरातला व्यवहार म्हणून कोणी विचारलेलंच नसतं.

पागडीच्या इमारती, म्हाडाच्या वसाहती आणि झोपडपट्टी पुनर्वसनातल्या सदनिका यांची कागदपत्रं वेगळ्या मुळातून येतात: भाडेपावती, वाटपपत्र, परिशिष्ट २ (पात्र रहिवाशांची यादी). मोजायची रीत हीच राहील, कागदांची यादी मात्र नव्याने करावी लागेल.

इंडेक्सचा शोध: "नाही" आणि "दिसलं नाही"

सोसायटीच्या कपाटात जे आहे ते झालं. आता सरकारी नोंदीत काय आहे ते बघायचं. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर मोफत शोध घेता येतो, आणि जुन्या वर्षांसाठी अनुभवी सर्च क्लार्क कार्यालयात बसून इंडेक्सच्या वह्या चाळतो. साधारणपणे तीस वर्षांचा सर्च घेतात.

सर्च रिपोर्ट हातात आला की वर्षाच्या पुढे लिहिलेलं वाचा. काही वर्षांपुढे "निरंक" असतं. काहींपुढे "पाने फाटलेली", "इंडेक्स तयार नाही", "वही उपलब्ध नाही" असं. शेवटच्या निष्कर्षात मात्र हे सगळं "कोणताही प्रतिकूल व्यवहार आढळला नाही" या एका वाक्यात विरघळून जातं. ते वाक्य खोटं नसतं, पण न बघितलेल्या वर्षांबद्दल ते काहीच सांगत नाही.

म्हणून तुमच्या तक्त्यात प्रत्येक फ्लॅटच्या प्रत्येक वर्षासाठी तीन खुणा ठेवा, दोन नव्हे. "सापडलं", "बघितलं, काही नाही" आणि "बघता आलं नाही". तीस वर्षांपैकी २४ वर्षं बघता आली असतील तर शोधाची पूर्णता ८० टक्के, मग त्या २४ वर्षांत काहीही निघो. उरलेली सहा वर्षं कोणती, तेही महत्त्वाचं. ती सलग असतील आणि नेमकी त्याच काळात फ्लॅट विकला गेला असेल, तर ८० टक्क्यांचा दिलासा फारसा घेऊ नका.

शोध चुकण्याची मुंबईतली कारणंही ठराविक आहेत. पहिलं म्हणजे गावाचं नाव. आपण लोखंडवाला म्हणतो, इंडेक्समध्ये ते ओशिवरा. विक्रोळीचं कन्नमवार नगर हरियाली गावात. कांदिवली पूर्वेची घरं पोईसर किंवा आकुर्लीत निघतात, गोरेगावात पहाडी गोरेगाव असतं, बोरिवलीत एकसर, शिंपोली, मागाठाणे. चुकीच्या गावात शोध घेतला की उत्तर हमखास "निरंक" येतं आणि आपण खूश होतो. दुसरं, दस्त घराजवळच्याच कार्यालयात नोंदवला असेल असं नाही. दस्त क्रमांकाच्या सुरुवातीचं अक्षरी संक्षिप्त रूप कार्यालयाचं असतं: बदर, बरल, करल, मबई. एकाच इमारतीतल्या दोन फ्लॅटचे दस्त दोन कार्यालयांत असू शकतात. तिसरं, सी.टी.एस. नंबरला पोटविभाग असतात. ६२० आणि ६२०/१/अ हे संगणकाला वेगळे. नाव, आडनाव, इमारतीचं नाव, फ्लॅट नंबर अशा वेगवेगळ्या दारांनी आत शिरून बघा. नावात देवनागरीचे घोळ तर विचारू नका: कुलकर्णी, कुळकर्णी, चौधरी, चौधरि, डिसोझा, डिसुझा.

शोधाची पद्धत किती पकडते, हेही मोजता येतं आणि मोजावंच. ज्या फ्लॅटचा नोंदणीकृत दस्त तुमच्या हातात आहे, असे दहा-बारा दस्त घ्या. क्रमांक न वापरता, फक्त नाव आणि मालमत्तेवरून ते इंडेक्समध्ये शोधा. बारापैकी नऊच सापडले, तर तुमचा शोध चारातला एक दस्त निसटू देतो. मग इतर फ्लॅटपुढच्या "बघितलं, काही नाही" या खुणेवर किती विसंबायचं ते तुम्हीच ठरवा. सर्च क्लार्कला ही परीक्षा घेतलेली आवडत नाही, पण चांगला असेल तर तो समजून घेतो.

विश्वसनीयता: साक्षीदार वेगळे आहेत का?

शेअर सर्टिफिकेटवर एक नाव, मालमत्ता कराच्या नोंदीत तेच, वीजबिलावर तेच. तीन कागद जुळले म्हणून समितीला हायसं वाटतं. पण ही तिन्ही नावं कशी आली ते विचारा. करारनाम्याच्या एका प्रतीवरून सोसायटीने नाव बदललं, सोसायटीच्या पत्रावरून करखात्याने, त्याच पत्रावरून वीज कंपनीने. उगम एकच. तो करारनामा चुकीचा असेल तर तिन्ही कागद सारखेच चुकीचे असणार. त्यामुळे जुळणी मोजताना कागद मोजू नका, स्वतंत्र उगम मोजा. तसंही मालमत्ता कराचं बिल हा मालकीचा पुरावा कधीच नसतो.

स्वतंत्र साक्षीदार कुठे मिळतात? एक, इंडेक्स टू, कारण ती दुय्यम निबंधकाकडे तयार होते. दोन, बँकेकडे गहाण असलेल्या मूळ कागदांची यादी. तीन, सोसायटीचाच जमाखर्च, आणि हा मला सर्वांत आवडतो. हस्तांतरणाच्या वेळी ५०० रुपये हस्तांतरण फी, १०० रुपये प्रवेश फी आणि विक्री असेल तर प्रीमियम घेतलेला असतो. शासनाच्या ९ ऑगस्ट २००१ च्या आदेशाप्रमाणे मुंबईत प्रीमियमची कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे. नाव बदलणाऱ्या सेक्रेटरीने रजिस्टरमध्ये काहीही लिहो, खजिनदाराच्या पावतीपुस्तकात त्या महिन्यात त्या फ्लॅटची रक्कम जमा झालेली असते आणि ती लेखापरीक्षकाच्या नजरेखालून गेलेली असते. चार, समितीच्या बैठकीचं इतिवृत्त. सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला हस्तांतरण मंजूर केल्याची तारीख असते. त्या तारखेला बैठक झाली होती का आणि तिथे हा विषय होता का, ते बघा. तारखेला बैठकच नाही, असं निघालं तर तो फ्लॅट लगेच वेगळा काढा.

तपासणी दोन्ही दिशांनी करा. आय रजिस्टर (सभासद नोंदवही) आणि जे रजिस्टर (सभासद यादी) यांतली एक नोंद घ्या आणि मागे कागदापर्यंत जा: नोंदीला आधार आहे का. मग उलट, एक दस्त किंवा पावती घ्या आणि पुढे रजिस्टरपर्यंत या: घडलेली गोष्ट नोंदली गेली का. पहिल्या दिशेने खोट्या नोंदी सापडतात, दुसऱ्या दिशेने राहून गेलेल्या. नवखे नेहमी पहिलीच दिशा तपासतात, आणि मुंबईच्या सोसायट्यांत दोष बहुतेक वेळा दुसऱ्या दिशेला असतो. सहकार कायदा सभासद नोंदवहीला प्रथमदर्शनी पुरावा मानतो, त्यामुळे तिच्यात काय राहिलंय हे शोधणं जास्त गरजेचं.

क्षेत्रफळाची जुळणी स्वतंत्र रकान्यात. ६०० चौरस फूट कार्पेट म्हणजे ५५.७४ चौरस मीटर. त्याला १.२ ने गुणून बांधीव क्षेत्र काढायची जुनी रीत, म्हणजे ६६.८९ चौरस मीटर. दस्तात एक आकडा, इंडेक्समध्ये दुसरा, आणि फ्लॅट तोच. हा फरक खोटेपणाचा नाही. पण ६६.८९ हा आकडा "कार्पेट" म्हणून विकासकाकडे गेला, तर शेजारी मागणार तेवढंच, आणि भांडण समितीच्या दारात. प्रत्येक क्षेत्रफळापुढे ते कार्पेट, बिल्टअप की सुपर बिल्टअप हे लिहा. कागदावर लिहिलेलं नसेल तर "अज्ञात" लिहा. अंदाजाने भरू नका.

नोंद घटनेनंतर किती काळाने झाली, तेही विश्वसनीयतेचं माप आहे. २००४ ची विक्री २०१९ मध्ये रजिस्टरला लागली असेल तर मधल्या पंधरा वर्षांची सगळी इतिवृत्तं चुकीच्या सभासदाच्या नावाने आहेत. आणि हरवलेल्या कागदांची कारणं तपासून घ्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तळमजल्याच्या अनेक कार्यालयांतली कपाटं पाण्यात होती, हे खरं. पण १९९६ चं रजिस्टर शाबूत, १९९८ चं "पुरात गेलं" आणि २००१ चं पुन्हा शाबूत असेल, तर पाण्याने निवडून काम केलं असं म्हणावं लागेल. कोणत्या वर्षी कोण पदावर होतं, ते शांतपणे बघा.

वारस आणि बोजे

यादीतले किती सभासद हयात नाहीत? हा आकडा वेगळा काढाच. जुन्या इमारतींत तो ऐकून समिती गप्प होते. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सहकार कायद्यात नॉमिनीला तात्पुरता सभासद म्हणून घेतात, हक्क वारसांचाच राहतो. त्यामुळे "नॉमिनेशन केलंय, काळजी नाही" असं सांगणाऱ्या काकूंना प्रेमाने समजावून वारसाचे कागद करायला लावा. पुनर्विकासाच्या करारावर सही कोण करणार, हा प्रश्न तेव्हा उभा राहतो आणि अमेरिकेतल्या मुलाची सही मिळेपर्यंत इमारत अडते.

बोजासाठी सोसायटीच्या दप्तरात बँकांना दिलेल्या ना-हरकत पत्रांची यादी असते, कर्ज फिटल्याचं पत्र बहुधा नसतं. सरसाई या केंद्रीय नोंदणीत २०११ पासूनची गहाणं शोधता येतात. मूळ कागद ठेवून घेतलेल्या कर्जाची सूचना महाराष्ट्रात दुय्यम निबंधकाकडे दाखल करावी लागते, तीही इंडेक्सच्या शोधात दिसते. मुंबईत एक खास गोष्ट आहे: १९३९ च्या मुंबई दुरुस्तीमुळे प्रलंबित दाव्याची सूचना नोंदवलेली असेल तरच त्या दाव्याचा निकाल "लिस पेंडन्स" (प्रलंबित दावा) या तत्त्वाने पुढच्या खरेदीदारावर बंधनकारक होतो. म्हणून इंडेक्समध्ये "लिस पेंडन्स" हा प्रकारही शोधायला सांगा. नोंद नाही म्हणजे दावा नाही असं मात्र नव्हे, ते सभासदालाच लेखी विचारावं लागतं.

हिशेब

समजा ४० फ्लॅट, त्यांच्या मिळून ७० कड्या, आणि त्या त्या काळाप्रमाणे लागणारे कागद २५२. सापडले २१४. कागदांची पूर्णता ८५ टक्के. छान वाटतं. आता पहिल्यापासून शेवटपर्यंत एकही कडी न तुटलेले फ्लॅट मोजा. ते २२ निघाले तर ५५ टक्के. विकासकाच्या वकिलाला रस असतो तो या दुसऱ्या आकड्यात, कारण साखळी एका जागी तुटली तरी फ्लॅट अडतो.

विश्वसनीयतेसाठी प्रत्येक फ्लॅटच्या चार गोष्टी घ्या: मालकाचं नाव, क्षेत्रफळ, भागांचे क्रमांक, बोजा. एकूण १६०. त्यातल्या १२० स्वतंत्र उगमाशी ताडून बघता आल्या आणि १०२ जुळल्या. अहवालात "८५ टक्के जुळलं" एवढंच लिहिलं तर फसवणूक होईल. १०२ जुळल्या, १८ जुळल्या नाहीत, ४० तपासताच आल्या नाहीत, असे तिन्ही आकडे लिहा. न तपासलेल्या ४० पैकी ३० एकट्या बोजाच्या असतील तर पुढचं काम कुठे आहे ते आपोआप कळतं.

भोकं बुजवताना आधी तुटलेल्या कड्या घ्या, मग हरवलेले कागद. नोंदवलेला दस्त हरवला असेल तर दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित प्रत मिळते, तेवढ्यासाठी सभासदाला वकिलाकडे पिटाळू नका. फ्लॅट नंबर किंवा क्षेत्रफळ चुकलं असेल तर चूकदुरुस्ती दस्त, त्यात मूळ व्यवहाराचे दोन्ही पक्ष लागतात. विकणारा गेला असेल तर त्याचे वारस शोधा, हे काम लवकर सुरू करा. नोंदणी झालीच नसेल तर मुद्रांक शुल्काचा निवाडा, म्हणजे किती शुल्क लागतं ते ठरवून घेणं, आधी. इंडेम्निटी बाँड, म्हणजे नुकसान भरून देण्याचं हमीपत्र, हा शेवटचा उपाय आहे. तो घेतला तरी तक्त्यात तो कागद "सापडला" म्हणून मोजू नका, त्याला वेगळी खूण द्या.

तक्त्याच्या प्रत्येक घरात कोणी बघितलं, कोणत्या कागदावरून आणि कोणत्या तारखेला हे लिहा. आधार आणि पॅनचे आकडे झाकूनच स्कॅन करा, आणि हा तक्ता सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका, प्रत्येक सभासदाला त्याच्या फ्लॅटची ओळ तेवढी सहीनिशी द्या. हरकतीला पंधरा दिवसांची मुदत ठेवा, आलेली हरकत तोंडी मिटवू नका. पहिल्या पानावर शोध कोणत्या तारखेपर्यंतचा आहे ते ठळक लिहा. विकास करारावर सह्या व्हायच्या आठवड्यात त्या तारखेपासून पुढचा सर्च पुन्हा घ्या, कारण पुनर्विकासाची बातमी पसरली की मधल्या काळात दोन-तीन फ्लॅट विकले जातातच.